कौसल्येची सही

परतूर, ११ मे २०२५

प्रिय बेबी,

जयभीम.

पुस्तकाचा पहिला भाग आष्टीच्या बाजाराला निघालेल्या ताहेराआपाच्या बांगड्यांच्या पेटीतून पाठवते आहे. तिला बजावलंय की वर काचेचे डझन ठेवू नकोस, पानं दबतात. ती म्हणाली, तुमच्या पुस्तकानं माझ्या बांगड्या फुटल्या तर? आम्ही दोघी मग थोडा वेळ भांडलो आणि चहा पिऊन मोकळ्या झालो.

हाशिमचाचांनी नेहमीसारखं मधोमध कापून दोन्ही भागांना पुठ्ठे लावून दिलेत. विचारत होते, तुम्ही नववीत असल्यापासून मी पुस्तकं कापून राह्यलो, अजून किती वर्षं? मी म्हटलं, दोघींपैकी एकीला अख्खं पुस्तक परवडेपर्यंत. खरं तर आता परवडतं. पण अर्धं झाल्यावर तुझी वाट बघायची सवय लागलीय, ती सुटत नाही.

या खेपेला पहिली पाळी माझी, म्हणून मी अर्धं पुस्तक पुढे. आता नियमाप्रमाणे एक पान मत.

कौसल्या मला आवडली. विहिरीवरच्या प्रकरणात ती पाणी शेंदताना मनातल्या मनात सासरच्या प्रत्येकाला एकेक शिवी देते आणि घागर भरली की गप्प होते, ते वाचून मी मोठ्यानं हसले. तुझा दादा म्हणाला, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, पाणी भरून राह्यले. लेखक मात्र मधेमधे फार रेंगाळतो. भावाच्या, म्हणजे त्या दिगंबरच्या, धोतराचं वर्णन पाऊण पान आहे. आणि एक गोष्ट खटकली. दिगंबरच्या बायकोला नावच नाही. ती फक्त चहा आणते आणि दाराआडून ऐकते. वहिनी म्हणजे काय भिंतीची खुंटी असते का?

पहिला भाग संपतो तिथे दिगंबर हक्कसोडीचा कागद घेऊन बहिणीच्या दारात येतो. वडिलांच्या घरातला वाटा तिनं सोडून द्यावा, सही करावी, म्हणून. तिथेच हाशिमचाचांची सुरी लागलीय. मुद्दाम नाही, पुस्तकाचा मध्यच तिथे आला.

तुझ्या दादानंही असाच कागद काढलाय हे तुला ठाऊक आहे. आबा जाऊन वर्ष झालं, घर नावावर करायचं म्हणतो. तू पुढच्या दोन खोल्यांबद्दल बोलली होतीस, प्रज्ञाच्या अकरावी-बारावीपुरतं इथं येऊन राहायचं, वसंतराव तिकडे पुण्यात कंपनीत, तू आष्टीत एकटी. दादाला तिथे गाळा काढायचाय. माझ्या पिको-फॉलच्या मशीनला जागा होईल असं त्यानं एकदा बोलून दाखवलं. मी काही बोलले नाही. बोलले नाही म्हणजे नको म्हणाले असंही नाही, ते तू ओळखशीलच. आपण आधी एका बाकावरच्या मैत्रिणी आणि मग मी तुझ्याच दादाशी लग्न करून तुझी भावजय झाले, म्हणून या विषयात मी पडणार नाही. तुम्ही बहीणभाऊ बघून घ्या.

पुस्तक जपून वाच. हळद लागलेल्या हातानं पानं उलटू नकोस.

तुझी,
मोना


परतूर, २५ मे २०२५

प्रिय बेबी,

शेवट आधी विचारायचा नाही, हा नियम इतक्या वर्षांत तू पहिल्यांदा मोडलास. ताहेराआपानं चिठ्ठी दिली तेव्हा मला वाटलं, विहिरीबद्दल काही लिहिलं असशील. तू लिहिलंस, "मोना, मी अर्ध्या वाटंला आलेय. मला कथा नगं सांगू. ती सही करती का न्हाई, एवढंच सांग. शुक्रवारी दादा येणारे."

बरं, विचारलंस म्हणून सांगते. करते.

कौसल्या सही करते. दिगंबर तिच्या पायाशी बसून रडतो. आणि मग बघ, त्याचं मन पालटतं. दरवर्षी पंचमीला तो स्वतः तिला न्यायला येतो, तिच्या पोरांची शिक्षणं बघतो, घरात तिच्यासाठी एक खोली कायमची झाडून ठेवतो. वहिनी तिच्या आवडीचं वांग्याचं भरीत करते. शेवटच्या पानावर कौसल्या म्हणते की मी भिंती सोडल्या आणि माणसं ठेवली. छान वाक्य आहे. मला पटलं.

म्हणजे पुस्तकातलं सांगते. तुझं तू ठरव. पण खोल्या काय, कागदावर कुणाच्याही असल्या तरी प्रज्ञानं येऊन राहायला कोण नको म्हणणार आहे?

जास्त लिहीत नाही. एका लग्नाच्या साड्या पडल्यात, सगळ्यांना फॉल लावायचाय.

मोना


परतूर, २२ जून २०२५

प्रिय बेबी,

सहीच्या दिवशी दादानं दिलेली साडी आवडली असं तू लिहिलंस. दुकानात मीच निवडली होती. दादा निळी घेत होता. तू नेसून आरशात बघितलंस का, हे मात्र लिहिलं नाहीस.

त्या दिवशी निबंधकाच्या कार्यालयात सगळं इतक्या जल्दी झालं की आपल्याला बोलताच आलं नाही. तुझं पेन चालेना म्हणून मी माझं दिलं, ते तुझ्याकडेच राहिलं. राहू दे. सही करताना तू मान वर करून माझ्याकडे बघितलंस आणि हसलीस. मीही हसले.

दुसऱ्या भागाची तू वाट बघते आहेस, माहीत आहे. ताहेराआपा गेल्या बाजाराला माझ्याकडे न येताच गेली. त्याच्या आदल्या बाजाराला पुस्तक सापडलं नाही. आता सापडलंय, पण छत गळून काही पानं भिजलीत, ती वाळवते आहे. शेवट तर तुला सांगून झालाय, मग घाई कसली?

तोवर मी दुसरं एक वाचायला घेतलंय. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाची गोष्ट आहे. पन्नास पानं झाली, तरी त्यानं एकही घड्याळ उघडलेलं नाही. माझं लक्ष लागत नाही. तोच परिच्छेद तीन-तीनदा वाचते आणि वर बघते तर समोर गाळ्याचं नवं शटर.

हो, गाळा झाला. मशीन पुढच्या खोलीत आलं. रस्त्यावरचा उजेड छान येतो, सुईत दोरा एका झटक्यात जातो. गिऱ्हाईकही वाढलं. तू कधी आलीस तर बसायला दोन खुर्च्या ठेवल्यात.

प्रज्ञाला प्रवेश मिळाला, ती रोज आष्टीहून बसनं ये-जा करणार असं कळलं. मी तुझ्या दादाजवळ विषय काढला होता. तो म्हणाला, आता गाळा निघालाय, राहिलेल्या खोलीत माल ठेवायचाय, एक वर्ष थांबू दे. मी पुन्हा काढला नाही. पोरगी संध्याकाळी बस यायची असते तेव्हा माझ्या दुकानात येऊन बसते. शहाणी आहे. पाणीसुद्धा आपल्या हातानं घेत नाही, विचारून पिते.

मोना


परतूर, २६ जुलै २०२५

बेबी,

हे पत्र ताहेराआपाच्या हाती आजच पाठवते आहे. आज बाजार नाही. तिच्या पाया पडून तिला जायला तयार केलंय. पत्रासोबत दुसरा भाग आहे. एकही पान भिजलेलं नाही. कधीच भिजलं नव्हतं.

कौसल्या सही करत नाही.

दुसऱ्या भागाच्या पहिल्याच पानावर आहे, तू आत्ता उघडून बघ. दिगंबर पेन पुढे करतो. ती पेन हातात घेते, त्याला टोपण लावते आणि त्याला परत देते. पुढे कुणी रडत नाही. भाऊ बोलणं टाकतो. पंचमीला कुणी न्यायला येत नाही. ती आपल्या वाट्याच्या दोन खोल्यांना रस्त्याकडून वेगळं दार पाडून घेते आणि शेवटच्या पानावर त्या उंबऱ्यात बसून एकटी भाकरी खाते. "भिंती सोडल्या आणि माणसं ठेवली" हे वाक्य पुस्तकात कुठेच नाही. ते मी रचलं. फॉल लावता लावता रचलं, आणि चांगलं जमलं म्हणून मला तेव्हा बरंसुद्धा वाटलं. माझी मलाच किळस येते.

तुझी चिठ्ठी काल मिळाली. वर्षावासात विहारात तू बायांपुढे या पुस्तकाबद्दल बोललीस, असं लिहिलंस. दुसरा भाग अजून हाती नाही, पण माझ्या वहिनीनं वाचलाय, असं सांगून बोललीस. आयुष्यात पहिल्यांदा तू माझा वहिनी म्हणून उल्लेख केलास, तोही तिथे. तू म्हणालीस की मीही कौसल्येसारखी सही केली, आणि बाया ऐकत राहिल्या. त्यातली गयाबाई म्हणाली, "बेबीताई एवढी शिकलेली, अंगणवाडीची बाई, तिनं केली तर मी कशाला अडून बसू," आणि ती सोमवारी भावाच्या कागदावर सही करायला परतूरला येणार आहे. गयाबाईला नवरा नाही. तिच्या वाट्याला दीड एकर येतं, तेवढ्यावर तिचं चाललंय. हे तूच लिहिलंयस, कौतुकानं.

मी रात्रभर तुझी चिठ्ठी उशाखाली ठेवून पडले होते. सकाळी फोन हातात घेतला. पण फोनवर मी काय सांगणार? जिनं एकदा खोटं सांगितलं तिच्या तोंडाचं दुसऱ्यांदा कोण खरं मानेल? म्हणून छापलेलं पाठवते आहे. उद्या विहारात यातलं पहिलं प्रकरण गयाबाईला मोठ्यानं वाचून दाखव. माझं नाव घ्यायचं असेल तर घे. सगळ्यांपुढे घे.

आता तू विचारशील, का? मी दोन महिने स्वतःला सांगत होते की तुमचं बहीणभावाचं तुटू नये म्हणून. ते खरं नाही. मला उजेडाची खोली हवी होती. लग्नापासून मी मागच्या खोलीत बल्बाखाली शिवते आहे, माझे डोळे चुरचुरतात, आणि माझ्या नावाची म्हणावी अशी जागा या घरात चुलीपुरतीसुद्धा नाही. दादा म्हणाला, बेबीनं सही केली तर पुढची खोली तुझी. त्यानं मला खोटं बोलायला सांगितलं नव्हतं. त्याला आपल्या पुस्तकांचं काही माहीतही नसतं. तुझी चिठ्ठी आली, तू विचारलंस, आणि मला दिसलं की माझ्या एका शब्दावर आहे सगळं. तेवढंच.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की दिगंबरच्या बायकोला नाव नाही. दुसऱ्या भागात ती एकदाच बोलते. कौसल्या पेन परत देते तेव्हा ती दाराआडून म्हणते, "आता आम्ही कुठं जायचं?" मला आधी तिचा राग आला. मग कळलं की ती बाई मीच. फरक एवढाच, तिनं निदान खरं ते बोलून दाखवलं.

मंगळवारी पंचमी. आपण ती करत नसलो तरी पोरी माहेरी येतातच. तू ताहेराआपाला विचारलं होतंस म्हणे, दादा न्यायला येणार का? तो येणार नाही, बेबी. त्याच्या लक्षातही नाही. तेही मीच तुझ्या डोक्यात भरवलं.

तू मला माफ कर असं मी म्हणणार नाही. सोमवारच्या आत गयाबाईला गाठ.

मोनाली


परतूर, १० ऑगस्ट २०२५

बेबी,

गयाबाई आली नाही. सोमवारी मी दुकान बंद ठेवून त्या कार्यालयासमोरच्या चहाच्या टपरीवर बसून होते. येणारी प्रत्येक नऊवारी गयाबाईच वाटत होती. शेवटी टपरीवाल्यानं विचारलं, ताई, तुमची कुणी यायची होती का? मी म्हटलं, नाही, न यावी म्हणून बसलेय.

प्रज्ञा आता माझ्या दुकानात बसत नाही. बसथांब्यावर उभी असते. परवा पाऊस होता म्हणून मी छत्री घेऊन गेले, तर म्हणाली, "राहू द्या मामी, बस येऊन राह्यली." बस दिसतसुद्धा नव्हती.

दादाला मी सगळं सांगितलं. तो आधी हसला, पुस्तकावरून कुणी सही करतं का म्हणाला. मग मी ते पहिलं प्रकरण, पाठ झालंय मला, त्याला म्हणून दाखवलं. तो उठून बाहेर गेला. तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलतो.

मशीन मी मागे नेलंय. पुढच्या दोन्ही खोल्या झाडून घेतल्या, माल काढायला लावला. यात किल्ली पाठवते आहे. तू आणि प्रज्ञा कधीही या. मी समोर येणार नाही, तुझी तशी इच्छा असेल तर.

मोनाली


परतूर, ३१ ऑगस्ट २०२५

प्रिय बेबी,

ताहेराआपा काल आली. पेटी उघडून तिनं एकेक वस्तू माझ्या पुढ्यात ठेवली. आधी एका नव्या पुस्तकाचा पहिला भाग. या खेपेला पहिली पाळी तुझी होती, तू वाचलंस आणि पाठवलंस. कापलंयही हाशिमचाचांनीच, म्हणजे तू परतूरला येऊन गेलीस आणि मला कळलं नाही. मी पानं झटकली, पुठ्ठ्याच्या आत बघितलं. मताचं पान नव्हतं. नववीपासून पहिल्यांदा नव्हतं.

मग तिनं किल्ली ठेवली, जशी पाठवली होती तशी, त्याच दोऱ्यात. आणि मग माझं पेन. जूनमधलं. त्याला टोपण लावलेलं होतं.

मी ते तसंच मशीनवर ठेवलं.

ताहेराआपा म्हणाली की निरोप आहे, आणि तो जसाच्या तसा सांगायला तिला दोनदा म्हणायला लावलंय. "तिला म्हणावं, किल्ली उसनी नगं. खोल्या नावावर पायजेत."

बरोबर आहे. मी तुला तुझीच वस्तू मेहेरबानीनं देत होते आणि वर स्वतःला चांगली समजत होते. उद्या दादाचं मन फिरलं, की माझंच फिरलं, की तू पुन्हा थांब्यावर.

वकिलाकडे जाऊन आले, एकटी. तुझी सही आता मागे घेता येत नाही, पण दादा त्या दोन खोल्या बक्षीसपत्रानं तुझ्या नावे करू शकतो. फक्त सही त्याची लागते. कागद तयार करून आणलाय. शिवणाच्या पैशातून केला, घरातल्या नाही. आज जेवण झालं की तो त्याच्यापुढे ठेवणार आहे. पेनही हेच, टोपण काढून. तो ओरडेल. आईकडे जा म्हणेल. माझ्या माहेरच्या घराचा कागद मी लग्नाआधीच भावाला सही करून दिलाय, तेव्हा कुठे जायचं हा प्रश्न मलाही आहेच. पण आता दाराआडून विचारणार नाही.

नव्या पुस्तकाची वीस पानं वाचली. दोन बहिणी आहेत, धाकटी बोलत नाही. तिनं मौन धरलंय की ती रागावलीय, हे लेखकानं अजून सांगितलेलं नाही. मला ती आवडली. तिच्या गप्प बसण्याची मला भीती वाटते, तरी आवडली. हे माझं मत, खरं. पूर्ण भाग झाला की नियमाप्रमाणे पानभर लिहीन, तू लिहिलं नाहीस तरी.

ती बोलते का शेवटी, हे मी विचारणार नाही. पुढचा भाग तुझ्याकडे आहे.

दादा हात धुऊन येतो आहे. कागद पाटावर ठेवलाय.

तुझी,
मोना